शेवटचे तीन ठिपके

सामंत आलेखाचा कागद डोळ्यांच्या पातळीला धरत, एक डोळा मिटत आणि सुतार फळीचा बाक तपासतो तशी त्यावरून नजर सरकवत. हे रोज माझ्या टेबलासमोर चाले. मुलुंडच्या आमच्या छोट्या सल्लागार कचेरीत अहवाल वेळेवर बाहेर काढणं हे माझं काम आणि तो अडवून धरणं हे जणू त्यांचं.

खाडीकाठच्या कोळीवस्तीला भरतीचं पाणी अडवणारी भिंत हवी होती. ती किती उंच, हे आम्ही सांगायचं. दर वर्षीची सर्वांत मोठी भरती घेऊन सामंतांनी सूत्र बसवलं, उंची काढली. साहेबांनी ती मान्य केली. मी अहवाल टाइप करून घेतला, प्रती बांधल्या, शनिवारी सकाळी रिक्षा बोलावली. तेवढ्यात कागद डोळ्याला लावून सामंत म्हणाले, "अगो, थांब. घाई कित्याक?"

"सामंत, रिक्षा खाली उभी आहे!"

"उभी राहू दे. हे बघ."

त्यांनी सगळ्या भरत्या चढत्या क्रमाने लावल्या होत्या. सूत्राप्रमाणे प्रत्येक भरती किती यायला हवी ते आडवं, प्रत्यक्षात किती आली ते उभं, असा एकेक ठिपका. सूत्र जमलं असेल तर ठिपके तिरक्या रेषेवर बसतात. बसलेही होते, मुंग्यांच्या रांगेसारखे. फक्त शेवटचे तीन ठिपके रेषा सोडून वर चढले होते; म्हणजे सर्वांत मोठ्या तीन भरत्या सूत्राच्या अंदाजापेक्षा उंच आल्या होत्या.

"सूत्र तुमचंच ना?" मी कडाडले.

"माझंच. म्हणून तर लाज वाटते."

साहेब केबिनबाहेर आले. "तीन ठिपक्यांसाठी आमची वाट लावताय? टोकाचे ठिपके थोडे हलतातच, हे तुम्हीच सांगता ना?"

"हलतात, साहेब. पण तिघं एकाच दिशेला निघाले, तर कुठे चाललात म्हणून विचारायला नको? बाकीच्या भरत्यांना आताचा मातीचा बांधही पुरतो. भिंत या तिघांसाठीच बांधतोय आपण."

साहेबांनी बांधलेल्या प्रती उचलून माझ्या टेबलावर परत ठेवल्या. मी रिक्षा परत पाठवली. तारीख चुकली, काम देणाऱ्या पार्टीची बोलणी मी खाल्ली, सगळ्या प्रती नव्याने काढल्या. सूत्र बदललं आणि भिंत हातभर वाढली.

त्या वरच्या हातभर भिंतीला पाणी कधी लागलं नाही. सामंतांच्या निरोपसमारंभात साहेबांनी टोमणा मारलाच, "सामंत, तुमच्या भिंतीवर कोळणी जवळा वाळत घालतात हां!"

"कोरडी आहे म्हणून ना, साहेब?"

त्या समारंभालाही हा माणूस उशिरा आला होता. शाल, नारळ, भजी, सगळं माझ्या यादीप्रमाणे तयार; भजी मात्र गार. विचारलं, तर म्हणे यंदाचा ठिपका टाकत बसलो होतो.

"बसला का एकदाचा रेषेवर?"

"बसला. पण त्यात काय? यंदाची भरती साधीच होती." आणि त्यांनी पेन्सिल माझ्या हातात ठेवली. "पुढचे तू टाक गो."

दर वर्षी टाकते. एक डोळा मिटून कागदावरून बघते आणि मनातल्या मनात सामंतांना शिव्या घालते.