दोषांसकट विकणे आहे
आपल्या वस्तूचे दोष गिऱ्हाइकाला आधी सांगून मग ती विकायला काढणारा माणूस अख्ख्या जगात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. ठाण्याला नौपाड्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. सकाळी चहाबरोबर लोक बातम्या वाचत, मामा छोट्या जाहिराती वाचत. 'विकणे आहे' हे त्यांचं संपादकीय आणि 'पाहिजे' हे क्रीडापान. कपाट, पंखा, सायकल, शिकेकाई कुटायचा खलबत्ता, सगळं कुणा ना कुणा अनोळखी माणसाच्या घरून आलेलं. "या घरात नवी कोरी आलेली मी एकटीच," असं मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. वापरात नसलेली वस्तू घरात ठेवणं म्हणजे त्या वस्तूचा अपमान, असं मामांचं मत होतं. त्यामुळे आलेली वस्तू काही काळाने पुन्हा जाहिरातीच्या वाटेने निघून जाई.

छोट्या जाहिरातीत शब्दागणिक आकार पडतो, म्हणून लोक क्रियापदंसुद्धा गाळतात. मामा मात्र पदरमोड करून दोष छापून आणत. 'टेबलफॅन विकणे आहे. तिसऱ्या वेगावर कण्हतो.' 'भिंतीवरचे घड्याळ. मागे पडते, पण नियमाने पडते.' एवढं वाचूनही कुणी आलाच, तर त्याला बसायला सांगायच्या आधी उरलेले दोष ऐकावे लागत. डोंबिवलीहून एक गृहस्थ सायकल बघायला आले होते. ब्रेकची सगळी कर्मकहाणी ऐकून ते सायकल न घेताच गेले, पण पुढे मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. लग्नात मामांचा मान व्याह्यांच्या खालोखाल होता.

खरेदीची तऱ्हा याहून वेगळी. मामा वस्तू बघतच नसत, घर बघत. दाराशी चपला कशा लावल्यात, पाण्याचा पेला आतून घासलेला आहे का, म्हाताऱ्या माणसाला कोपऱ्यात टाकलंय की खिडकीशी बसवलंय, यावर सौदा ठरे. "जावईबापू, वस्तू काय, बघून कळत नाही. माणूस कळतो," हे मला त्यांनी कोपरीला फ्रिज घ्यायला जाताना समजावलं होतं. त्या घरात चपलांची रांग अशी लागलेली की देवळात लागणार नाही. मामांनी फ्रिजचं दार न उघडता होकार दिला. फ्रिज घरी येऊन दोनदा गुरगुरला आणि कायमचा गप्प झाला. आम्ही परत गेलो तर दाराला कुलूप. मंडळी घर सोडून चालली होती म्हणूनच सगळं इतकं आवरलेलं होतं! मी हसू दाबत होतो. मामा शांतपणे म्हणाले, "माणूस चांगलाच होता हो. फ्रिज खोटा निघाला."

मामी गेल्या आणि त्यांचं स्वेटर विणायचं मशीन बंद पडून राहिलं. ठाण्याच्या उकाड्यात स्वेटर कोण घालतं, असं मला नेहमी वाटे. पण गल्लीत जन्मलेलं प्रत्येक मूल मामींचं टोपडं घालूनच घरी येई. दुपारभर त्या मशीनची खर्रखर्र जिन्यात ऐकू यायची. आता ते वापरात नव्हतं. स्वतःच्याच नियमाने मामांना जाहिरात देणं भाग पडलं, आणि त्यांनी ती दिली.

गिऱ्हाइकं येऊ लागली. एका रविवारी आम्ही दोघं आतल्या खोलीत होतो. मामा बाहेर कुणाला तरी सांगत होते, "धागा तोडतं. टाके गाळतं. डावीकडे ओढतं." बायको माझ्याकडे बघतच राहिली. मामी जिवापाड जपायच्या ते मशीन. त्यात काडीचा दोष नव्हता. "अहो, मामा खोटं बोलताहेत!" ती कुजबुजली. मासुंदा तलाव आटला असता तरी तिला इतका धक्का बसला नसता. असे खोटे दोष सांगून मामांनी पुष्कळ लोक परत पाठवले. मशीन जागचं हललं नाही.

मग कोपरीच्या कोळीवाड्यातली एक बाई आली. तिने सगळे दोष शांतपणे ऐकले आणि पदर खोचला. "काका, तुमी इतकं वंगाल आपल्या तोंडानं सांगताव, म्हंजे तुमी फसवनार नाय. मी नेतंय." जन्मभर कमावलेला विश्वास असा अंगावर आला आणि मशीन रिक्षात बसून गेलं. त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

काही दिवसांनी ती परत आली. आम्ही तिथेच होतो.

"काका, मशीनला कायपन झालेलं नाय. तुमी खोटं का बोललाव?"

मामांनी तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाले, "मला द्यायचं नव्हतं, बाई."

"मंग परत आनू?"

मामांनी भिंतीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "रोज चालतं का?"

"रोज चालतं. दुपारभर."

"मग राहू दे. वापरात आहे ना." आणि जरा चाचरत, एखादी वस्तू उसनी मागावी तसं, "मी कधी दुपारचा येऊन बसलो तर चालेल का?"

"या की. च्या पन घ्या."

त्यानंतर मामांनी जाहिरात दिली नाही. दुपारी छत्री घेऊन ते स्टेशनचा पूल ओलांडत आणि कोपरीला जात. मला त्यांचं फार वाईट वाटे. एकदा न राहवून मी विचारलं, "मामा, तिथे जाऊन करता काय?"

"काही नाही हो, मशीनची खर्रखर्र ऐकत डोळे मिटून बसतो," ते म्हणाले. "आतल्या खोलीत ती आहे असं वाटतं."