पाठ टेकव आणि ये

मी नाशिकच्या एका कॉलेजात खेळाचा शिक्षक आहे. आमच्या जगात सर्वसाधारण विजेतेपद नावाची एक गोष्ट असते. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळ्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे गुण वर्षभर एकत्र धरायचे, आणि ज्या कॉलेजचे जास्त, त्याला फिरती ढाल. बाहेरच्या माणसाला वाटतं, ढाल चांगल्या खेळाडूंमुळे मिळते. अर्धी मिळते. उरलेली अर्धी रिकाम्या जागा भरून मिळवावी लागते. मुलींच्या कुस्तीत हलक्या वजनाला बहुतेक वेळा दोघीच येतात. तिसरी कुणी मॅटवर नुसती उभी राहिली तरी तिसरा क्रमांक ठरलेला. म्हणून खो-खोची पोरगी ज्युदोला आणि पोहणारा पोरगा तलवारबाजीला उभा करायचा, हे आम्ही सगळेच शिक्षक करतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

ती पोरगी हरसूलकडच्या एका पाड्यावरची. आठशे मीटर पळायची. पोलिसात जायचं एवढं एकच तिच्या डोक्यात होतं, आणि मैदानी चाचणीत तिला अडवणारं कुणी नाही हे मला माहीत होतं. शेवटच्या वर्षाला होती.

त्या वर्षी आम्ही आणि गंगापूर रोडवरचं एक कॉलेज अगदी बरोबरीनं चाललो होतो. तिथले शिक्षक माझे जुने मित्र. भेटले की डिवचायचे, "काय सर, ढाल पुसून ठेवलीय ना? आम्हाला पुसत बसायला वेळ नाही."

मी तिला बोलावलं. "कुस्तीला उभी राहशील?"

"सर, मी कुस्ती कधी बघितली पण नाय."

"बघायची गरजच नाही. समोरचीनं धरलं की पाठ टेकव आणि ये."

"म्हंजे मुद्दाम हरायचं?" ती हसायला लागली.

"कॉलेजसाठी."

ती बरं म्हणाली. ती मला कधीच नाही म्हणाली नव्हती.

समोरची मुलगी तालमीत घडलेली होती. पहिल्याच झटक्याला हिनं पाठ टेकवायची, असं आमचं ठरलं होतं. पण बाजूला आमच्या पोरी हिचं नाव घेऊन ओरडायला लागल्या आणि हिनं पाय रोवला. तीन वर्षं मीच तिला सांगत आलो होतो की शेवटच्या वळणावर अंग सोडायचं नाही. हरायचं कसं, ते कुणी शिकवलं होतं? समोरचीनं टांग मारली. वरचं अंग फिरलं, पाय जागेवर राहिला.

तिचं "आई गं" मला स्पष्ट ऐकू आलं. आणि माझी नजर पंचांच्या टेबलाकडे गेली. कुस्ती अर्धवट सुटली तर गुण धरतात की नाही, हे मी आधी पाहिलं. मग तिच्याकडे गेलो.

गुण धरले.

दुसऱ्या दिवशी रिले होती, आणि आमच्या चौघींत ही होती. ती शर्यत जिंकली की ढाल आमची, असा हिशेब आला होता. राखीव मुलगी होती, पण सावकाश पळणारी. सकाळी ही आपणहून माझ्याकडे आली. "सर, आता दुखत नाय." थोड्या वेळापूर्वी मी तिला हॉस्टेलच्या पायऱ्या उतरताना पाहिलं होतं. कठडा धरून, एकेक पायरी. तरी मी तिच्या गुडघ्यावर स्प्रे मारला आणि घट्ट पट्टी बांधून दिली. माझ्या हातांनी.

आम्ही रिले जिंकलो. रेषेपलीकडे ती बसली ती उठलीच नाही. मी मंचावर ढाल घेत होतो तेव्हा ती रिक्षातून दवाखान्यात चालली होती, आणि फोटोत मी हसतोय.

लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं. चालता येईल, पळणं विसरा, असं डॉक्टर म्हणाले. वर्ष संपलं आणि ती गावी गेली. मी फोन केला नाही. काय बोलायचं, हे सुचेना म्हणून, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

परवा हिंमत करून हरसूलला गेलो. बाजाराचा दिवस होता. ती आईबरोबर नागली विकायला बसली होती. एक पाय लांब पसरून.

"अगं सर आलं तुझं!" आईनं माझ्यासाठी पोतं झटकून पसरलं. "बसा, चा घ्या. सर, धाकटी पण लय पळती. यंदा बारावी झाली. घेऊन जा तिला, तुमच्याच हवाली करते."

मी मोठीकडे पाहिलं. ती गिऱ्हाईकाची नागली मोजत होती. मोजून झाल्यावर म्हणाली, "न्या सर. पण दुखतंय का, असं तिला इचारू नका. ती नाय म्हणंल. तुम्हीच बघा."

बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला तिथं बसणं सोपं गेलं असतं. माझ्याकडे नका पाठवू, एवढंच मला म्हणायचं होतं. तोवर आईनं हाक मारली होती. धाकटी बाजाराच्या त्या टोकावरून गर्दी चुकवत पळत आली, आणि मी, बसल्या जागी, तिचं पाऊल कसं पडतं ते बघत होतो.