देवघराची ड्यूटी

आमच्या घरचे देव एक दिवसही उपाशी राहिले नव्हते, हा आईचा तीस वर्षांचा विक्रम. त्यामुळे मावसभावाच्या लग्नासाठी आठ दिवस पुण्याला जायचं ठरलं तेव्हा तिला एकच घोर लागला: देवांना रोज दूध-साखर कोण दाखवणार?

हिंदी मुलखात, बरखेड्यातल्या आमच्या क्वार्टरसमोर एक हिंदीभाषक भाविक काका राहत. त्यांची पूजेची घंटा थांबेपर्यंत आमचा कुकर होऊन जाई. वरच्या मजल्यावर कारखान्यातून निवृत्त झालेले सुपरवायझर काका, पक्के नास्तिक. गणपतीत आरतीला गैरहजर, प्रसादाला वेळेवर. आईने किल्ली अर्थातच भाविक काकांना दिली. मी वरच्यांचं नाव काढलं तर म्हणाली, "ते देवांचे पेपरवेट करतील!"

परत आलो तर समोर भाविक काकांच्या दाराला कुलूप. आईचं धाबं दणाणलं. तेवढ्यात वरचे काका आमची किल्ली आणि एक वही घेऊन जिना उतरले. भाविक काकांना दुसऱ्याच दिवशी उज्जैनच्या बसमध्ये सीट मिळाली होती. किल्ली यांच्या हातात कोंबून ते पुण्य कमवायला गेले ते अजून आले नव्हते.

"वहिनी, चार्ज देऊन टाकतो," म्हणत काकांनी वही उघडली. कारखान्यात शिफ्ट बदलताना लिहीत तशाच नोंदी होत्या.

"सकाळी सात. सहा देव, सर्व हजर. दूध दाखवलं. कोणी प्यायलं नाही. दहा मिनिटं वाट पाहून मी प्यायलो."

"बाळकृष्ण डुगडुगतो. खाली वॉशर बसवला."

"मंत्र येत नाहीत. पेपर वाचून दाखवला."

"ताप एकशे दोन. तोंडाला रुमाल बांधून दूध दाखवलं. देवांना लागण नको."

आई खो खो हसत होती, ती या ओळीशी थांबली. पेपरवेट आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांना तिने सक्तीने जेवायला बसवलं.

दिवाळीनंतर पुन्हा गावाला जायचं होतं. आई किल्ली घेऊन जिना चढू लागली तसे भाविक काका दारातून ओरडले, "अरे भाभीजी, वो तो भगवान को मानते ही नहीं!"

आई वळलीसुद्धा नाही. आपल्या मराठी हिंदीत म्हणाली, "क्या करूं भाईसाब, देव लोगों को पेपर की आदत लग गई है."