हळदीच्या अल्बमातली आई

बहिणीच्या लग्नाचा फोटोग्राफर ठरवायला मी, ती आणि आई जामखेडच्या एका स्टुडिओत गेलो. वडील गेल्यापासून आईचं कपाळ कोरं आहे. स्टुडिओवाल्यानं तिकडं न बघताच नमुन्याचा अल्बम उघडला आणि ऐटीत म्हणाला, "ताई, हळदीच्या एकाबी फोटोत विधवा बाई दिसायची न्हाई. चुकून आलीच, तर कॉम्प्युटरवर काढून टाकतो. अल्बम कसा शुभ पायजे!"

मी सुन्न झालो. विधवा प्रथेविरुद्ध गावोगाव पत्रकं वाटली मी, आणि इथं जित्या बाया पुसून टाकायची जाहिरात चाललीय, तीही माझ्या आईसमोर! मी तोंड उघडणार, तोच आई हळूच म्हणाली, "दादा, हळदीत नको. पन पोरगी सासरी निघताना लांबून माझा एखादा निघंल का?"

हा धक्का पहिल्याहून मोठा होता.

बहीण उठली. "चल गं आई. मला पहिली हळद तूच लावायची."

पुढच्या दुकानात तिनं अल्बमला हातच लावला नाही. "हळदीत आमच्या विधवा आईचा फोटो काढाल का?"

तो फोटोग्राफर गोंधळला. "म्हंजे काय? आईबिगर हळद कशी काढू?"

त्यालाच ठरवला.