रिसोत्तोवरचं चीज

"राव, ह्यात मांसाचं काही नाही ना? तुम्ही आपल्यातले, म्हणून विचारते."

चेन्नईत अड्यारमधल्या एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये मी मॅनेजर होतो. विचारणाऱ्या सुंदराबाई निवृत्त शिक्षिका, माझ्यासारख्याच तंजावरकडच्या मराठी. शेजारी त्यांचे यजमान. पक्षाघातानंतर त्यांना गिळणं जड जायचं. मऊ रिसोत्तो तरी उतरेल म्हणून बाई त्यांना घेऊन आल्या होत्या. रिसोत्तो म्हणजे गरम स्टॉक (भाज्या किंवा हाडं उकळून गाळलेलं पाणी) थोडा थोडा घालत, ढवळत शिजवलेला भात. आपल्या दहीभाताइतका मऊ. आमचा स्टॉक भाज्यांचाच होता. अडचण वरून घातलेल्या पार्मेझानची. ते चीज करताना दूध फाडायला वासराच्या पोटातला अर्क घालतात. मेनूवर मात्र हिरवा ठिपका.

शेफ अँथनी मला सारखा सांगायचा, "सार, व्हेज टेबलांना दुसरं चीज घालू. नाहीतर सांगून टाका."

मालकांचा मूळ धंदा गिंडीत, नट-बोल्टचा. ते म्हणाले, "चव उतरेल. आजवर कुणी विचारलंय?"

आता विचारलं होतं. मी म्हणालो, "काही नाही, अक्का. खुशाल भरवा."

तेवढ्यात अँथनी स्वतः प्लेट घेऊन आला. बाईंनी सहज त्यालाही तमिळमध्ये विचारलं. त्यानं खरं ते सांगितलं.

त्यांचा चमचा थांबला. मी हसलो. "जुन्या चीजचं सांगतोय, अक्का. ते केव्हाच बदललं."

"सार!" अँथनी म्हणाला.

"जा रे बाबा," बाई म्हणाल्या. "आमचा माणूस आम्हाला फसवेल होय?" आणि त्यांनी पहिला घास भरवला.

गिऱ्हाईक बिथरवतो म्हणून मालकांनी अँथनीला काढलं. जाताना तो माझ्याकडे आला. "तुम्हाला माहीत होतं ना, सार?"

मी म्हणालो, "मालकांचा निर्णय आहे."

पुढे यजमान गेले. दिवस झाल्यावर बाई एकट्याच आल्या. "जन्मभर सोवळं पाळलं हो ह्यांनी. बाहेरचं कधी शिवले नाहीत. शेवटी तुमच्या शब्दावर चार घास गेले."

मी हात जोडले. आता बाईही नाहीत, आणि अँथनी कुठे असतो ते मला ठाऊक नाही. म्हणून इथे लिहितो: त्या दिवशी अँथनी खरं बोलला, खोटं मी बोललो.

इटालियन रेस्टॉरंटमध्ये गेलात तर रिसोत्तो जरूर मागवा. कुठलं चीज ते शेफला विचारा. उत्तर आपल्या भाषेत मिळालं म्हणून ते खरं धरू नका.