काकाजींचं गुरुवारचं चालान

बालाघाट जिल्ह्यात आमच्या शेजारच्या काकाजींपेक्षा हळू चालणारी एकच गोष्ट मी पाहिली आहे, आणि ती म्हणजे दिवाणी दावा. मी इथल्या जिल्हा न्यायालयात वकिली करते, तेव्हा दोन्हींचा मला जवळचा अनुभव आहे. दावा निदान तारखेच्या दिवशी थोडा हलतो. काकाजींच्या गाडीबद्दल तेवढीही खात्री देता येत नसे. सिंचन खात्यात नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि एका मिलिमीटरात पन्नास मीटर बसवायची सवय लागलेल्या माणसाला खरेखुरे पन्नास मीटर म्हणजे मोठा प्रवास वाटत असावा. त्यांची पांढरी छोटी गाडी ताशी तीसने चाले. धानाची पोती लादलेल्या सायकली त्यांना मागे टाकत. एकदा तर एक वरात, बँडसकट आणि नाचणाऱ्या मामांसकट, त्यांच्या पुढे निघून गेली, आणि काकाजींनी आरशात पाहून तिला हाताने रस्ता दिला. वळायचं असेल तर ते तीन घरं आधीपासून इंडिकेटर लावत. नवा गतिरोधक झाला की पट्टी घेऊन त्याची उंची मोजत आणि कमी भरली तर खात्याला पत्र लिहीत. कोर्टासमोरचे पांढरे पट्टे पावसाने केव्हाच धुऊन गेले होते, पण ते कुठे होते हे काकाजींना ठाऊक होतं, आणि त्या अदृश्य पट्ट्यांपाशी ते थांबत. मागे अख्खं शहर हॉर्न वाजवत राही.

हे सगळं नुसतं विक्षिप्तपणातून नव्हतं, त्यामागे विचार होता. मी एकदा कोर्टाला उशीर झाला म्हणून स्कूटीवरून त्यांना ओलांडून गेले. दुपारी ते चक्क कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत आले आणि माझ्यासमोर बसले. बोलण्यातही त्यांचा वेग तोच होता. मग म्हणाले, "वकीलबाई, सकाळी तुम्ही गेल्या ना, तं बाजूनं एक म्हातारी चालली होती. ते दचकून खाली बसली. मी गाडी थांबवली, तिले पाणी पाजलं. तुमच्या पाच मिनिटांसाठी तिचं काळीज अर्धा घंटा धडधडलं."

"पण काकाजी, मी तिला धक्का तर लावला नाही."

"हौ. म्हणूनच तुमच्यावर केस नाही होत," असं म्हणून ते उठले. त्या दिवशी मी त्यांच्यावर चिडले होते, पण ती म्हातारी आठवडाभर डोक्यातून गेली नाही.

अशा माणसाच्या नावाने मागच्या हिवाळ्यात चालान आलं. गोंदिया रोड, राजेगावच्या अलीकडे, गुरुवार, दुपारी साडेचारच्या सुमारास, वेग ताशी सत्त्याण्णव.

मोबाइलवरचा तो निरोप घेऊन काकाजी माझ्याकडे आले तेव्हा मी इतकी हसले की डोळ्यांना पदर लावावा लागला. काकाजी हसले नाहीत. "मी तं तिकडे गेलोच नाही," ते म्हणाले. "गुरुवारी जेवून झोपलो होतो मी. संध्याकाळी उठलो." मी म्हटलं, अगदी सोपं आहे, कोणीतरी तुमच्या नंबरची बनावट पाटी लावून फिरतोय. हरकत घेऊ आणि चालान रद्द करून आणू. जिंकायची केस हातात आली की वकिलाला जी भूक लागते ती मला लागली. मग आम्ही चालानसोबतचा फोटो मोठा करून पाहिला.

पाटी बनावट नव्हती. उजवीकडचा फुटलेला दिवा, काचेवरचं गणपतीचं चित्र, सगळं त्यांच्याच गाडीचं होतं. काचेमागे काकाजी होते. तोच तपकिरी मफलर, तोच जाड चष्मा. उजवा हात चाकावर होता. डावा हात बाजूच्या रिकाम्या सीटवर आडवा पसरलेला होता, गाडीला झटका बसला तर शेजारच्या माणसाला आपण जसा हाताने धरतो, तसा. त्या सीटवर कोणी नव्हतं.

काकाजी फोटोकडे फार वेळ पाहत राहिले. "हा कोण आहे?" त्यांनी मला विचारलं. ते थट्टा करत नव्हते.

आम्ही ट्रॅफिक ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदाराने कॉम्प्युटरवर व्हिडिओ दाखवला. हिवाळ्यातलं पिवळं ऊन, दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खुंटं, कडेला धान वाळवणारी एक बाई, मध्ये नवा काळाभोर रस्ता, आणि त्यावरून ती गाडी आवाज न करता येते आणि निघून जाते. जराही हेलकावा नाही. "दादाजी, आप ही तो हो," हवालदार कौतुकाने म्हणाला, "इस उमर में क्या हाथ है!" काकाजी खुर्चीतून उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

परतताना त्यांनी मला हळूहळू सांगितलं. दोन-तीन महिन्यांपासून गाडीतलं पेट्रोल कमी होत होतं. चोर असेल म्हणून त्यांनी टाकीला कुलूप लावलं, त्याची किल्ली गाडीच्या किल्लीसोबत देवघरात ठेवली, तरी कमी होतच राहिलं. एका संध्याकाळी त्यांनी सहज बोनेटवर हात ठेवला तर ते गरम होतं. चाकांना तणस, म्हणजे धानाचा पेंढा, चिकटलेलं असे, आणि आमच्या गल्लीत तर तणस कुठेच नाही. "मले वाटलं, ऊन लागून गरम झालं असंन," ते म्हणाले. डिसेंबरात.

मी मात्र कामाला लागले. वेग मोजणाऱ्या यंत्राचा तपासणीचा दाखला मागवला, तर त्याची मुदत त्या गुरुवारच्या आधीच संपलेली निघाली. मी आनंदाने तो कागद त्यांच्यापुढे नाचवला. हे चालान कोर्टात पाच मिनिटं टिकणार नव्हतं. काकाजींनी कागद नीट वाचला, दोन्ही बाजूंनी, आणि विचारलं, "कागद जुना निघाला तं गाडी हळू चालली होती, असं होते काय?"

"कायद्याच्या दृष्टीने होतं, काकाजी."

"तुमच्या दृष्टीनं?"

मी दाखला फाईलमध्ये ठेवला. त्याच आठवड्यात दुसरं चालान आलं. पुन्हा गुरुवार, तीच वेळ, तीच जागा. या वेळी वेग एकशे दोन.

पुढच्या गुरुवारी मी जेवणानंतर त्यांच्या घरी जाऊन बसले. ठरलं होतं असं, की ते झोपतील आणि मी पहारा देईन. ते पलंगावर आडवे झाले, मी समोर एक फाईल घेऊन बसले. भिंतीवर काकूंचा फोटो होता. मी या गल्लीत राहायला येण्याच्या बऱ्याच आधी त्या गेल्या होत्या, काकाजी त्यांच्याबद्दल कधी बोलत नसत आणि मीही कधी विचारलं नव्हतं. पावणेचार वाजले. काकाजी उठले. इतक्या चटकन उठलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मफलर गुंडाळला, देवघरातून किल्ली घेतली आणि माझ्या शेजारून बाहेर गेले. मी हाक मारली. त्यांनी मागे पाहिलं नाही. डोळे उघडे होते. मी धावत जाऊन किल्ली काढून घ्यायला बाजूच्या सीटवर शिरले, पण तेवढ्यात त्यांनी गाडी सुरू करून रस्त्यावर काढली.

शहरातून ते नेहमीसारखे तीसने गेले. प्रत्येक चौकात थांबले, वळताना इंडिकेटर दिला. तेव्हा मी त्यांना थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही, कारण हा माणूस कुठे जातो हे मला पाहायचं होतं. त्या उत्सुकतेची मला अजून लाज वाटते. शेवटची राइस मिल मागे पडली, उकडलेल्या धानाचा वास सरला, आणि गाडी वेग घेऊ लागली. काटा साठवर गेला, ऐंशीवर गेला. समोरून मँगनीजचे ट्रक येत होते, त्यांच्या बाजूने ते रेष मारावी तसे निघत होते. मी दाराची कडी धरली. तोंडातून जेमतेम आवाज निघाला.

"हळू चालवा जी."

काकाजींचा डावा हात माझ्यापुढे आडवा आला आणि त्यांनी माझं मनगट धरलं. मला ते नेहमी 'तुम्ही' म्हणत. आता समोर पाहत, अगदी मायेने म्हणाले, "नाही. मागच्या बारीले तुझंच आयकलं होतं मी. आता नाही आयकत."

त्यानंतर मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर कोणाच्या आवाजात बोलले असते, याची मला भीती वाटली. राजेगाव आलं, पुढे बाघ नदीचा पूल आला. पुलाच्या मधोमध गाडी आपोआप मंदावली, कडेला लागली आणि थांबली. काकाजींनी माझं मनगट सोडलं, डोळ्यांवरून हात फिरवला, आणि माझ्याकडे पाहून इतके घाबरले की मलाच त्यांना धीर द्यावा लागला.

"वकीलबाई? तुम्ही इथं काहून? मी कुठं येऊन राह्यलो?"

खाली नदीत थोडंसं पाणी होतं. पलीकडे महाराष्ट्र होता. कठड्याला टेकून काकाजींनी मला सांगितलं. अशाच एका गुरुवारी दुपारी काकूंच्या छातीत कळ निघाली. ते तिला गोंदियाच्या दवाखान्यात घेऊन निघाले. तेव्हा हा रस्ता म्हणजे नुसते खड्डे होते. गाडी उसळली की तिची कळ वाढे, आणि ती म्हणे, हळू चालवा जी. "मी हळू चालवली," ते म्हणाले. "तिनं जितक्या बाऱ्या म्हटलं तितक्या बाऱ्या हळू केली. या पुलावर तिचा हात गार झाला. मंग मी इथूनच गाडी वळवली. दवाखान्यात गेलोच नाही. कोणाले काही विचारलंच नाही."

त्यानंतर त्यांनी कधीच गाडी जोरात चालवली नव्हती. जोरात चालवली असती, तर तिचं ऐकलं ते चुकलं असं कबूल करावं लागलं असतं, असं आपलं मला वाटतं. मग मागच्या पावसाळ्यानंतर रस्ता नवा झाला, एकही खड्डा उरला नाही, आणि त्यांच्या आत कोणीतरी उठून बसलं. एरवी ते या पुलावरून झोपेतच गाडी वळवून घरी येत असणार; या वेळी शेजारी मी होते म्हणून जाग आली. नागपूरच्या डॉक्टरांनी याला एक लांबलचक नाव दिलं आणि गोळ्या दिल्या. गाडीची किल्ली काकाजींनी त्या गुरुवारीच पुलावर माझ्या हातात ठेवली. परत येताना गाडी मी चालवली.

कोर्टात आम्ही हजर झालो तेव्हा यंत्राचा तो दाखला माझ्या फाईलमध्ये होता. शिवाय आता डॉक्टरांचा कागदही होता. कोणत्याही एकावर काकाजी सुटले असते. त्यांनी दोन्ही काढू दिले नाहीत. "मी झोपेत होतो हे माह्यासाठी खरं आहे," ते म्हणाले, "पण रस्त्यावर जे बाई धान वाळवत होती तिच्यासाठी तं गाडी जागीच होती ना?" न्यायाधीश साहेबांनी विचारलं, "कबूल है?" काकाजींनी मफलर काढून त्याची सावकाश घडी घातली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी टेबलाकडे पाहिलं.

"कबूल है."

"इतनी तेज क्यों चला रहे थे?"

"पहुँचना था, साहब," काकाजी म्हणाले.

दंड भरला. परवाना त्यांनी आपणहून जमा केला. गल्लीतल्या लोकांना मी काही सांगितलं नाही. ते आपले अजून हसतात, म्हातारपणी काकाजींना वेगाची हौस आली म्हणून. काकाजीही त्यांच्यासोबत हसतात.

पण एक काम राहिलं होतं, ते त्यांनी महिनाभराने काढलं. एका सकाळी मी त्यांना गोंदियाला घेऊन गेले. पूल आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि मी न थांबता पलीकडे गेले. दवाखाना अजून होता, वर दोन मजले चढले होते. आतली डॉक्टर माझ्याहूनही लहान मुलगी होती. काकाजींनी तिला सगळं सांगितलं, कळ कुठे होती, किती वाजता सुरू झाली, घाम किती आला होता. एवढ्या वर्षांनंतरही त्यांना मिनिटं पाठ होती. मग विचारलं, "वीस मिनिटं वाचवून इथवर आणलं असतं तं?"

त्या मुलीने खोटं सांगितलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता. पण ती थोडा विचार करून म्हणाली, "मला माहीत नाही, बाबा. वाचल्या असत्या, नसत्याही. इतक्या जोराची कळ असेल तर इथे पोचूनही काही वेळा हातात काही नसतं. आता कोणीच सांगू शकणार नाही."

"तुम्हालेबी मालूम नाही," काकाजी म्हणाले.

"नाही."

त्यांनी मान हलवली, दोनदा. मग तिच्या टेबलावरच्या ग्लासातलं पाणी विचारून घेतलं आणि सावकाश, घोट घोट करत, पूर्ण प्यायले. बाहेर रुग्णांची रांग होती, कोणीतरी दारातून डोकावलं, पण त्या मुलीने त्यांना घाई केली नाही.