रेडिएटरमधली हळद

१९५४ साल, मे महिन्यातला पहिला रविवार. घाटकोपरच्या एका गॅरेजात नव्या रेडिएटरचे नव्वद रुपये ठरले आणि त्यांतले पंचेचाळीस मी आगाऊ दिले. हजर तिघेच होतो: मी, गॅरेजवाला आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंचं गॅरेजात काही काम नव्हतं. पण ज्या गाडीतून आपल्या मुलीला इस्पितळात न्यायचं, ती गाडी नीट होते की नाही हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं.

गाडी मी हौसेनं घेतली नव्हती. बायकोची ही तिसरी खेप. आधीची दोन्ही मुलं गेली होती. पहिलं घरीच, सुईण येण्याआधी. दुसरं वाहनाची वाट पाहता पाहता, आमच्या मुलुंडच्या घराच्या ओटीवर. या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं की कळा सुरू झाल्या की थेट परळला मोठ्या इस्पितळात न्यायचं, गर्दीच्या गाडीतून न्यायचं नाही आणि वेळ दवडायचा नाही. आधीपासून खाट द्यायला इस्पितळ तयार नव्हतं. मुलुंडला तेव्हा टॅक्सी वेळेवर मिळेल याची खात्री कोणी देत नसे. म्हणून नाहूरच्या एका म्हाताऱ्या कंत्राटदाराकडून मी ही पंचवीस वर्षांची जुनी मोटार सहाशे रुपयांना घेतली आणि दोन महिन्यांत चालवायला शिकलो.

मोटारीच्या नाकावर, रेडिएटरच्या टोपणावरच, काचेची एक गोल डबी बसवलेली होती. तिच्यात तापमापकाचा लाल दोरा. तो चालवणाऱ्याला समोर दिसायचा. पाणी तापलं की दोरा वर चढायचा. रस्त्याकडे पाहावं की दोऱ्याकडे, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

मार्चमध्ये रेडिएटर गळू लागला. याच गॅरेजवाल्यानं तेव्हा त्यात चिमूटभर हळद टाकली. हळद फुगून बारीक भोक बुजवते, तात्पुरता इलाज आहे, असं तो म्हणाला होता. गळती थांबली. पण एप्रिलमध्ये मी परळपर्यंत रस्ता पाहून यावं म्हणून एकटाच निघालो, तर विक्रोळीच्या पुढे दोरा टोकाला गेला. मी उतरून पंचा धरून टोपण फिरवलं. वाफ आणि उकळतं पाणी एकदम वर आलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. हात पंधरा दिवस बांधलेला होता. त्या पंधरा दिवसांत मला भाजल्याचं फारसं काही वाटलं नाही. मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. त्या दिवशी मागच्या सीटवर ती असती तर काय झालं असतं.

तर त्या रविवारी गॅरेजवाल्यानं जुना रेडिएटर उतरवला, उलटा धरला आणि एका अंगानं कापला. आतल्या नळ्या पिवळ्या-काळ्या लगद्यानं गच्च भरल्या होत्या.

"साहेब, हिच्यात पिठलं कोणी घातलं?" तो म्हणाला.

मी काही बोलायच्या आत सासूबाई आपल्या मालवणीत म्हणाल्या, "पिठला कित्याक, हळद ती. मी रोज वायच वायच घालतंय."

गॅरेजवाला हसत म्हणाला, "आई, गाडीचं लगीन लावताय काय?"

"पयली हळद कोणी घातली? तूच मा? गळती थांबली मा? मगे?"

त्यानं कापलेला रेडिएटर बाजूला ठेवला. मी पहाटे रेडिएटरमध्ये पाणी भरायला जायच्या आधी त्या उठून चमचाभर हळद घालून येत असत, जवळजवळ सहा आठवडे. मुलीच्या गाडीची जखम भरून यावी, एवढंच त्यांच्या मनात होतं.

रेडिएटर बुधवारी बसला. गॅरेजवाल्यानं सांगितलं की इंजिनाच्या आतही हळद गेली असणार, ते आतून धुवायला हवं, बारा रुपये आणि आणखी दोन दिवस. दिवस भरत आले होते. गाडी दोन दिवस दारात नसणं मला परवडणारं नव्हतं. मी म्हटलं, धुणं नंतर. त्यानं मान हलवली आणि दोन गोष्टी बजावल्या. पाणी तापलेलं असताना टोपण उघडायचं नाही. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, ओतलंत तर लोखंड तडकेल आणि गाडी जाग्यावर मरेल. तापली तर गप उभं राहायचं, दुसरं काही करायचं नाही.

शनिवारी सकाळी नऊला कळा सुरू झाल्या.

भांडुपपर्यंत दोरा तळाशी होता. मी मनात म्हटलं, नव्वद रुपये कारणी लागले. पुढे गवताच्या बैलगाड्यांची रांग लागली. ओलांडायला जागा नव्हती. पहिल्या गियरमध्ये बैलांच्या चालीनं आम्ही जात होतो, ऊन वर येत होतं, आणि दोरा हलला. आधी केसभर. मग दिसेल इतका. मागून बायकोचा आवाज येत नव्हता आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. ओरडली असती तर निदान कळलं असतं कुठवर आलं आहे.

बैलगाड्या वळल्या, आम्ही सुटलो, दोरा जरा उतरला. घाटकोपर गेलं. कुर्ल्याला तो पुन्हा चढला आणि या वेळी रस्ता मोकळा असूनही चढतच राहिला. इंजिनातली हळद सुटून नव्या रेडिएटरमध्ये येत होती, दुसरं काही असणं शक्य नव्हतं. शीव दिसायला लागलं तेव्हा टोपणाच्या कडेनं वाफ निघाली. मी गाडी एका झाडाखाली घेऊन बंद केली.

मी खाली उतरलो. मागे पाण्याचा डबा होता. तो मी हातात घेतला, आणि बॉनेटपाशी तसाच उभा राहिलो. पाणी ओतलं तर इंजिन तडकेल. नाही ओतलं तर ती इथेच, या रस्त्यावर. हात टोपणाकडे गेला. भाजलेली कातडी नवी होती, तिला वाफेची धग लांबूनच लागली. येणाऱ्या दोन मोटारींना मी हात केला. थांबली नाही एकही.

सासूबाई मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

बायकोनं मला हाक मारली. "अहो, किती वेळ लागेल निवायला?"

मी म्हटलं, "वीस मिनिटं. जास्तही लागतील."

तिनं डोळे मिटले. एक कळ येऊन गेली. मग म्हणाली, "तो डबा खाली ठेवा. मी थांबते."

मी डबा खाली ठेवला. सासूबाईंनी आपल्या पदरानं तिला वारा घालायला सुरुवात केली. मी बॉनेटच्या दोन्ही बाजूंचे पत्रे काढून झाडाला टेकवले आणि घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं. माझ्यासारख्या माणसाला ते जमणं कठीण. चोवीस मिनिटं झाली. तेवढ्यात पाच कळा आल्या, शेवटच्या दोन अगदी लागोपाठ. तिनं एकदाही, अजून किती, असं विचारलं नाही. दोरा अर्ध्यावर उतरला तेव्हा मी टोपण न उघडताच हँडल मारून गाडी सुरू केली. पत्रे तिथेच झाडाखाली राहिले. परळच्या फाटकात शिरताना पुन्हा वाफ निघत होती, पण आम्ही आत होतो.

मुलगी झाली. बाहेर बाकावर बसलो असताना दाराआडून आवाज येईना, तेव्हा सासूबाईंनी माझ्या भाजलेल्या हाताला धरलं, घट्ट, आणि मी तो सोडवून घेतला नाही. मग रडणं ऐकू आलं. बारीक होतं, पण थांबलं नाही.

दहा दिवसांनी मायलेकी घरी आल्यावर सासूबाई आणि मी पुन्हा घाटकोपरला गेलो. गॅरेजवाल्यानं इंजिन आतून धुतलं, नवा रेडिएटर उलटा करून साफ केला, आणि बाहेर आलेलं पिवळं पाणी गटारात सोडून दिलं. रेडिएटरचे उरलेले पंचेचाळीस रुपये मी त्याला दिले. धुण्याचे बारा द्यायला मी पाकीट उघडलं, पण सासूबाईंनी कमरेचा बटवा आधीच सोडला होता. जावयानं सासूला पैसे खर्च करू द्यायची आमच्यात पद्धत नाही. तरी मी त्यांना अडवलं नाही. ते बारा रुपये त्यांनी स्वतः त्याच्या हातावर मोजून ठेवले.